नागपुरात घरच्या घरी तपासून पाहता येतील अशा अचंब्याच्या गोष्टी सांगा

फलकवाला

राम राम मंडळी. आमच्या फ्लॅट स्कीममध्ये जिन्याजवळच्या फलकावर दर रविवारी एक ‘माहीत आहे का?’ लिहायचं ठरलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं काही नको. सातवी-आठवीतल्या पोरांना घरातल्या सामानाने पडताळता आलं पाहिजे आणि शक्यतो नागपूरचं असावं. काय घ्यायचं, कधी करायचं, कुठे फसतं, हेही सांगा. नाही तर पोरं करून पाहतात, जमत नाही, आणि मग फलकाला कोणी विचारत नाही.

सध्या यादीत तीन गोष्टी आहेत. झिरो माईल हा भारताचा मध्यबिंदू आहे. २६ मे रोजी नागपुरात सावली गायब होते. कूलरच्या टाकीत बर्फ टाकला की हवा जास्त थंड येते. यातलं काय ठेवू, काय खोडू?

ओळंबा

दुसरं ठेवा, पण वेळेसकट लिहा. नुसती तारीख लिहिली तर पोरं बाराच्या ठोक्याला गच्चीवर जातील, सावली दिसेल आणि खाली येतील.

नागपूर २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य उत्तरेकडे सरकत २६ मेच्या सुमारास या अक्षांशावर पोचतो, २१ जूनपर्यंत आणखी वर जातो आणि परतताना १७ जुलैच्या सुमारास पुन्हा इथून जातो. म्हणजे असे दिवस वर्षातून दोन. जुलैतला बहुतेक ढगातच जातो, म्हणून मे धरायचा.

आता वेळ. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर चालतात, नागपूर आहे ७९.१ वर. फरक ३.४ अंश. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे साडेतेरा मिनिटांचा उशीर. त्यातून मेअखेरीस सूर्य घड्याळाच्या साधारण ३ मिनिटं पुढे असतो, ती वजा करा. म्हणून २६ मे रोजी सूर्य माथ्यावर येतो १२ वाजून १० ते ११ मिनिटांनी. १७ जुलैला हाच हिशेब १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास जातो, कारण तेव्हा सूर्य घड्याळाच्या ६ मिनिटं मागे असतो.

तारखेपेक्षा वेळ जास्त महत्त्वाची. एक दिवस इकडेतिकडे झाला तर १ मीटरच्या काठीला जेमतेम ३ मिलिमीटर सावली पडते, ती डोळ्याला कळतही नाही. पण ५ मिनिटं उशीर झाला की त्याच काठीची सावली २ सेंटिमीटर निघते.

काठी उभी धरून कोणी करू नका. १ अंश कलली तरी पावणेदोन सेंटिमीटरची चूक येते. बाटली किंवा पाइपचा तुकडा गच्चीवर उभा ठेवतात, तेही फसतं. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, त्यामुळे बाटली उताराला काटकोनात उभी राहते, ओळंब्यात नाही. गवंड्याचा ओळंबा मिळाला तर उत्तम, नाही तर दोरीला मोठा नट बांधून टांगा आणि स्थिर होऊ द्या. नटाची सावली बरोबर त्याच्याखाली आली की झालं. दुसरा प्रकार जास्त मजेदार आहे. हातभर लांबीचा पीव्हीसी पाइप ओळंब्याला धरून सरळ बांधा आणि तळाशी पांढरा कागद ठेवा. त्या चार-पाच मिनिटांतच कागदावर पूर्ण गोल उजेड पडतो. एरवी अर्धचंद्र दिसतो. वर सूर्याकडे मात्र कोणी बघायचं नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा.

फलकवाला

म्हणजे २६ मे ते १७ जुलै या मधल्या दिवसांत काय होतं?

ओळंबा

तेच खरं फलकावर लिहिण्यासारखं आहे. त्या दिवसांत भर दुपारी आपली सावली दक्षिणेकडे पडते. एरवी वर्षभर ती उत्तरेकडे असते. २१ जूनला सूर्य माथ्यापासून २.३ अंश उत्तरेला असतो, म्हणजे १ मीटरच्या काठीला ४ सेंटिमीटर सावली, तीही दक्षिणेकडे. दिल्लीकरांना हे कधीच दिसत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे.

आणि हिवाळ्यात उलट टोक. २२ डिसेंबरला नागपुरात भर दुपारी सूर्य माथ्यापासून साडेचव्वेचाळीस अंश खाली असतो. या कोनाला सावली जवळजवळ उंचीएवढीच पडते. १ मीटरच्या काठीला ९८-९९ सेंटिमीटर. मुंबईत सूर्य थोडा वर असतो म्हणून तिथे सावली उंचीपेक्षा आखूड, नागपुरात जवळपास बरोबरीची. नाताळच्या आठवड्यातला रविवार यासाठी राखून ठेवा. वेळ १२ वाजून १२ मिनिटांच्या आसपास.

गांधीबाग_४४००३२

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेपासून लागतो आणि सावली २६ ला गायब होते. म्हणजे नवतप्याचं कारण हेच ना, भाऊ?

ओळंबा

नाही. नवतपा सूर्याच्या रोहिणी नक्षत्रातल्या प्रवेशावर धरतात, तो सगळ्या देशाला एकच. सावलीचा दिवस गावागणिक बदलतो. कोल्हापूरला ७ मेच्या सुमारास, मुंबईला १५ च्या, चंद्रपूरला २० च्या. नागपुरात दोन्ही लागोपाठ आले एवढंच. ऊन तापायचं मुख्य कारण म्हणजे सूर्य माथ्यावर, आभाळ कोरडं, आणि पाऊस जूनच्या मध्यावर येणार. आणि दिवसातलं कमाल तापमान सव्वाबाराला नसतंच, ते अडीच ते चारच्या दरम्यान येतं, कारण जमीन तापून हवेला तापवायला वेळ लागतो.

ताटी_बदला

तिसरं खोडा. बर्फाइतका निरुपयोगी खर्च कूलरमध्ये दुसरा नाही.

कूलर पाणी गार करून हवा गार करत नाही, पाण्याची वाफ करून करतो. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला हवेतून सुमारे २४३० किलोज्यूल उष्णता काढली जाते. १ किलो बर्फ वितळायला लागतात ३३४, आणि ते वितळलेलं पाणी ताटीच्या, म्हणजे कूलरच्या बाजूच्या ओल्या वाळ्याच्या पडद्याच्या, तापमानापर्यंत यायला आणखी शंभरेक. म्हणजे १ किलो बर्फाचं काम २०० मिलिलिटरहून कमी पाण्याची वाफ करते. खिडकीचा मोठा लोखंडी कूलर मे महिन्यात तासाला १५ ते २० लिटर पाणी सहज पितो. ५ किलोची लादी टाकली तर तिचा परिणाम कूलरच्या तीन मिनिटांच्या कामाएवढा. वरून पाणी थंड झाल्याने वाफही तेवढा वेळ कमीच होते.

याचीच दुसरी बाजू लोकांना पटत नाही. गच्चीवरच्या टाकीचं चटका बसणारं ४० अंशांचं पाणी टाकीत भरलं तरी काही बिघडत नाही. दहा-पंधरा मिनिटांत ते ताटीवरून फिरून आपोआप गार होतं.

गंमत वाटेल अशी तुलना हवी असेल तर ही घ्या. दीड टनाचा एसी म्हणजे ५.३ किलोवॅट उष्णता काढण्याची ताकद. कूलरने तासाला ८ लिटर पाण्याची वाफ केली की तेवढीच उष्णता हवेतून निघते. २० लिटर म्हणजे अडीच एसी, आणि मोटर-पंप मिळून वीज साधारण २०० ते २५० वॅट. मग खोली एसीसारखी का होत नाही? एसी खोलीतलीच हवा फिरवून पुन्हा पुन्हा गार करतो. कूलर बाहेरची भट्टीतली हवा एकदा गार करतो आणि ती लगेच खिडकीतून बाहेर जाते.

फलकवाला

बर्फ खोडला. पण हे पोरांनी तपासायचं कसं? आणि पावसाळ्यात तोच कूलर का चालत नाही?

ताटी_बदला

दोन्हींचं उत्तर एकाच प्रयोगात आहे. साधे काचेचे थर्मामीटर घ्या, ० ते ५० अंश किंवा ० ते ११० चे, शाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतात. तापाचा घेऊ नका, तो ४२ च्या पुढे जात नाही. एकाच्या फुग्यावर जुन्या धोतराची किंवा गॉजची एक पट्टी गुंडाळा, पट्टीचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही थर्मामीटर सावलीत, टेबलफॅनच्या वाऱ्यात शेजारी शेजारी ठेवा आणि ५ मिनिटांनी वाचा. पट्टी जाड नको, वाटी फुग्याला टेकलेली नको, आणि कापडाला साबण राहिलेला नको. सगळ्यात जास्त चूक फॅन न लावण्याने होते. वारा नसला की ओला थर्मामीटर तीन-चार अंश जास्त दाखवतो.

मे महिन्यात हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला थर्मामीटर २३ च्या आसपास येतो. कूलर या दोन आकड्यांमधल्या अंतराच्या साधारण तीन चतुर्थांश खाली आणतो. अंतर २१, म्हणजे कूलरची हवा २८-२९. जुलैत हवा ३२ आणि आर्द्रता ८० टक्के असली की ओला थर्मामीटर २९ ला अडतो. अंतर ३ अंशांचं, मग कूलर कितीही मोठा घ्या, २९ च्या खाली हवा येणारच नाही. वर ओलावा खोलीत भरतो तो वेगळा. पोरांनी मे आणि जुलै दोन्ही महिन्यांत हे दोन आकडे फलकावर लिहिले तर कोणाला समजावायची गरज उरत नाही.

फलकावर जागा उरली तर तीन कामाच्या गोष्टी. पहिली, समोरची खिडकी किंवा दार उघडं पाहिजे. दाराच्या फटीत वर्तमानपत्राची पट्टी धरा, ती बाहेरच्या बाजूला फडफडली पाहिजे. फडफडत नसेल तर खोलीत ओली हवा कोंडली आहे, आणि मग लोक म्हणतात कूलर चिकचिक करून राहिला. दुसरी, ताटीवर कोरडा उभा पट्टा दिसला तर वरच्या नळीची भोकं क्षाराने बुजली आहेत. तेवढ्या पट्ट्यातून बाहेरची गरम हवा जशीच्या तशी आत येते. नळीच्या टोकाचं बूच काढा, बारीक तारेने भोकं मोकळी करा. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार मागे राहतात, म्हणून बोअरचं पाणी असेल तर टाकी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण रिकामी करायची. नुसतं वरून भरत राहिलात तर वाळ्याची ताटी एका उन्हाळ्यात पांढरी आणि कडक होते.

तिसरी, डेंगीचा डास. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी कोरडी. पण नुसतं पाणी काढून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर पत्र्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही काही महिने टिकतात. काथ्याने घासायचं, मगच भरायचं. सीझन संपल्यावर न घासता झाकून ठेवलेला कूलर पुढच्या वर्षी पहिल्याच पाण्याला डास देतो.

संत्रामार्केट

नागपूरचं म्हणता आणि संत्र्याचं नाव नाही, हे कसं चालेल राजेहो? संत्र्याच्या सालीने फुगा फुटतो, हात न लावता.

सालीच्या वरच्या थरात जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या गाठी आहेत. त्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. ते रबराला फुगवतं आणि मऊ करतं. ताणलेल्या फुग्याला तेवढं पुरतं.

ताजी साल घ्या, दोन बोटं रुंद. नारिंगी बाजू फुग्याकडे करून, फुग्यापासून ४-५ सेंटिमीटरवर साल दुमडून चिमटा. फवारा बसला की एक-दोन सेकंदांत फट्. फसतं ते तीन कारणांनी. साल वाळलेली असते, पांढरी बाजू फुग्याकडे असते, किंवा फुगा वाढदिवसाचा जाड रबराचा असतो. होळीच्या पाण्याचे छोटे फुगे हवा भरून घेतले तर सहसा चुकत नाही. फुगा अर्धवट फुगवला तर रबरावर ताण नसतो, मग नुसता डाग पडतो. मोसंबीच्या सालीनेही होतं, लिंबाने जरा कमी, कारण लिंबाच्या तेलात लिमोनीनचं प्रमाण कमी असतं.

फुगा मिळाला नाही तर थर्मोकोल घ्या. पॅकिंगच्या तुकड्यावर त्याच जागी पाच-सहा वेळा साल पिळा, खड्डा पडतो. हे जळणं नव्हे, थर्मोकोल त्या तेलात विरघळतो. म्हणूनच थर्मोकोलच्या कपात लिंबाची फोड टाकून गरम चहा प्यायचा नाही. हे कप महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत, तरी टपरीवर अजून दिसतात.

सालीचा फवारा मेणबत्तीवर मारला की ठिणग्या उडतात, तेही तुम्हाला कोणी तरी सुचवेलच. फलकावर लिहू नका. पोरं आहेत, पडदे आहेत. आणि प्रयोगानंतर हात साबणाने धुवा. त्याच बोटांनी डोळे चोळले तर झोंबतं.

फलकवाला

भारी! पण मे महिन्यात संत्री कुठून आणू?

संत्रामार्केट

मे महिन्यात मोसंबीवर भागवा. नागपुरी संत्र्याचे दोन बहर. आंबिया बहराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबर. मृगाची फुलं जून-जुलैत आणि फळ फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. आणि हे झाड आपल्या मनाने ठरवत नाही. बागाईतदार झाडाला पाणी तोडून ताण देतो, पानं मलूल झाली की पुन्हा पाणी सोडतो, मग फुलं एकदम फुटतात. मृगाला हा ताण उन्हाळ्यात द्यायचा, म्हणून एप्रिल-मेमध्ये सुकल्यासारखी बाग दिसली तर ती वाळलेली असेलच असं नाही.

ऑक्टोबरच्या रविवारसाठी एक घ्या. हिरवं संत्रं कच्चंच असतं असं नाही. सालीवरचा नारिंगी रंग रात्रीच्या गारव्याने चढतो, आतला गर पिकण्याशी त्याचा थेट संबंध नाही. थंडी पडायच्या आत तोडलेलं फळ बाहेरून हिरवट आणि आतून गोड असू शकतं. रंगापेक्षा हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानाने जड लागलं तर रस आहे. साल फुगून आतून सुटलेली, दाबली की पोकळ लागते, ते फळ जास्त दिवस झाडावर राहिलेलं, गर कोरडा निघतो.

अजनी_यार्ड

छोटी छोटी चार, फलक मोकळा राहिला तर.

रेल्वेच्या डब्यावर लिहिलेल्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे डबा बांधल्याचं वर्ष. क्रमांक १४ ने सुरू झाला तर २०१४ चा. अजनी किंवा मुख्य स्टेशनवर उभ्या गाडीत वेगवेगळ्या वर्षांचे डबे मोजायला लावा.

गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या उभ्या पट्टीवर आतून ‘सी २७’ सारखं लिहिलेलं असतं, फक्त अक्षर इंग्रजी. अक्षर म्हणजे तिमाही, ए जानेवारी ते मार्च, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. सी २७ म्हणजे सप्टेंबर २०२७ पर्यंत. ही गॅसची मुदत नव्हे, टाकीच्या चाचणीची तारीख आहे. नवी टाकी १० वर्षांनी तपासतात, नंतर दर ५ वर्षांनी. तारीख उलटलेली टाकी दारातूनच परत करायची. आत गॅस किती उरला ते पाहायला ओलं फडकं टाकीभर फिरवा. वरचा भाग आधी वाळतो, आणि जिथपर्यंत द्रव गॅस आहे तिथला ओलावा उशिरा वाळतो. ती रेषा मिनिटभर दिसते. कूलरसमोर केलं तर दिसणार नाही.

महामार्गांचे नंबर. २०१० मध्ये ते बदलले. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम अंक, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. नागपुरातून श्रीनगर-कन्याकुमारी ४४ जातो आणि हजिरा-पारादीप ५३ जातो, नंबर बघूनच दिशा कळते. तीन अंकी असेल तर शेवटचे दोन अंक मूळ रस्त्याचे. उमरेडकडे जाणारा ३५३ डी हा ५३ चा फाटा, सावनेरहून छिंदवाड्याकडे जाणारा ५४७ हा ४७ चा.

मैलाचे दगड तर सगळ्यांना माहीत असतात, पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा. ते राहू द्या.

फलकवाला

उमरेड रोडचं आवडलं. आता पहिलं राहिलं. झिरो माईलचं काय करू? ते काढलं तर स्कीममधले काका भांडायला येतील.

ओळंबा

काकांना विचारा, कोणत्या भारताचा मध्य? तिथला सर्वेक्षणाचा दगड १९०७ चा आहे. तेव्हाच्या भारतात आजचा पाकिस्तान होता, बांगलादेश होता, ब्रह्मदेशही होता. शिवाय मध्य काढायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, बेटं धरायची की नाही यावरही उत्तर सरकतं. रस्त्यांची अंतरंही आज तिथून मोजत नाहीत. प्रत्येक महामार्गाचे किलोमीटर त्याच्या स्वतःच्या सुरुवातीपासून चालतात. उमरेड रोडचा दगड आणि ४४ चा दगड वाचून पोरांना हेही कळेल.

खोडायच्या ऐवजी दुसरं लिहा. तो दगड उंची मोजण्याच्या कामाचा आहे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची १०२० फूट, म्हणजे ३११ मीटर. आणि याची तपासणी स्वयंपाकघरात होते. या उंचीवर हवेचा दाब थोडा कमी असल्याने नागपुरात पाणी १०० नाही, ९९ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या जवळ. ० ते ११० चा थर्मामीटर उकळत्या पाण्यात टांगायचा, फुगा तळाला टेकू द्यायचा नाही, कारण तळ पाण्याहून जास्त तापलेला असतो. पाणी खळखळून उकळल्यावर वाचायचं. स्वस्त थर्मामीटरमध्ये एका अंशाची चूक कंपनीचीच असते, म्हणून आधी तो चुऱ्याच्या बर्फात बुडवून शून्य दाखवतो का ते बघा. अर्धा दाखवत असेल तर उकळीच्या आकड्यातून अर्धा वजा करा. बर्फ घरात आणायचा तर तो यासाठी.

ताटी_बदला

आणि हे काम मोठ्यांनीच करायचं, असं खाली लिहा. उकळतं पाणी आणि काचेची नळी आहे.

फलकवाला

ठीक. या रविवारी ओला आणि कोरडा थर्मामीटर, २६ मेच्या आधीच्या रविवारी ओळंबा, ऑक्टोबरात हिरवं संत्रं, फुगा डिसेंबरात. गॅस टाकीचं मी आज संध्याकाळीच लावतो, ते थांबवण्यासारखं नाही. ओळंबा भाऊ, १२ वाजून १० मिनिटं ही वेळ कामठीलाही चालेल का? तिथल्या शाळेतले शिक्षक विचारून राहिले.

ओळंबा

चालेल. कामठी थोडी पूर्वेला, फरक अर्ध्या मिनिटाच्या आतला. अमरावतीला मात्र पाच-सहा मिनिटं उशिरा आणि तारीख एक दिवस आधीची, २५ मे.